किती, कशाने

३ नोव्हेंबर, सोमवार. किती: सात. कशाने: भरलेली कळशी उचलली.

जागृती,

पत्र लिहायला बसले असं समजू नकोस. ही पालघरच्या दवाखान्यातली वही आहे. तिथे मेघाली मॅडम म्हणून आहे, व्यायाम शिकवते, तुझ्याच वयाची असेल. ती म्हणाली, रोज तारीख घाला, किती दुखतं ते शून्य ते दहामध्ये सांगा, आणि कशाने वाढलं ते लिहा. मी म्हटलं, चौथी शिकलेली बाई मी, लिहू कोणाला? म्हणाली, "कुणालाही लिहा मावशी. नुसते आकडे टाकणारे लोक खोटे आकडे टाकतात."

आता कुणालाही म्हटल्यावर माझ्याकडे माणसं उरली किती? तुझा बापूस गेला. केतन समोर बसून जेवतो, त्याला काय लिहायचं? राहिलीस तू. फोन तू उचलत नाहीस, मग ऐकून तरी घ्यावं लागणार नाही तुला. बरं आहे.

माझा उजवा खांदा गेलाय. मानेपासून कोपरापर्यंत आग. तीन वर्षं झाली. बोंबील कसे टांगतो ते तुला सांगायला नको, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. वलांडीच्या बांबूंवरच्या खालच्या दोऱ्या सोप्या, वरच्या दोरीला हात डोक्यावर जातो. तीस वर्षं गेला, आता जात नाही. केस विंचरायला शेजारची कमळीकाकी येते. चोळीची बटणं पुढे लावून घेतलीत.

दोन वर्षं मेडिकलवाल्याकडच्या गोळ्या खाल्ल्या. दोन पिवळ्या, एक पांढरी, सकाळ-संध्याकाळ, चहात पाव बुडवावा तशा. गणपतीत एक दिवस संडासला काळं डांबरासारखं झालं आणि मी मोरीतच पडले. पोटात फोड फुटला होता. दवाखान्यात आठ दिवस. केतनने तुला सांगितलं होतं म्हणे. तू आली नाहीस. मी त्याबद्दल काही म्हणत नाही.

आता गोळ्या बंद. म्हणून ही वही.

काल केतन टेम्पो घेऊन बोईसरहून आला, तुझा निरोप आणला. बारा वर्षांत पहिला. तुमचं सालवडच्या बायकांचं मंडळ तापल्या सळईने डाग देणाऱ्या भगतांवर अर्ज करतंय, वीस तारखेला पोलिसात द्यायचा आहे. त्यात सुका भगताचंही नाव घालायचं. आईने साक्षीला सही करावी, ती तिथे होती. सही केली तर मी घरी येईन, दीपिकालाही आणीन.

माझी नात पाच वर्षांची झाली आणि मी तिला मोबाईलच्या काचेतच पाहिलीय.

करते सही. त्यात काय आहे! सुकाने तुला डाग दिला, सगळ्या वाडीला माहीत आहे. केतनला तसंच सांगितलं. अंगठा नाही हो माझा, सही येते मला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. किती: आठ. कशाने: वरची दोरी.

आज मॅडमने संताप आणला. खांद्याचा फोटो उजेडाला धरून म्हणाली, "मावशी, झीज जुनी आहे. आत नवीन काही मोडलेलं नाही. पण दुखणं खरं आहे."

"मोडलं नाय तर दुखतं कशाला?"

"तुमच्या वाडीत कुत्रं आहे?"

"चार हायत."

"ज्या घरी चोरी होते ना, त्या घरचं कुत्रं पुढे वर्षभर नारळाचं झाप हललं तरी भुंकतं. चोर नसतो. पण भुंकणं खोटं नसतं. तुमच्या नसांचं तसं झालंय."

"मग घाला त्या कुत्र्याला गोळी. तुमी तर माझी गोळी पण बंद केली."

हसली. म्हणाली, "मारायचं नाही. त्याची भीती घालवायची. हळूहळू."

हळूहळू. हा शब्द मला जन्मात आवडला नाही. बोट लागली की मासळी हळूहळू उचलतात का? ऊन हळूहळू थांबतं का? मी म्हटलं, किती दिवसात जाईल ते सांगा. तर सरळ तोंडावर म्हणाली, "जाणार नाही कदाचित. कमी होईल. तुम्ही त्याच्यासोबत काम करायला शिकाल." मी उठून येत होते. केतनने बसवलं.

मग तिने नेम घालून दिला. वीस जोड्या टांगायच्या आणि थांबायचं. दुखत असो नसो, थांबायचं. खांदा चारदा फिरवायचा, पाणी प्यायचं, मग पुढच्या वीस. वरची दोरी नाही. "दुखायला लागल्यावर थांबलात तर उशीर झाला मावशी. दुखायच्या आधी थांबायचं."

आणि बाय, तू डोळ्यांसमोर आलीस.

तू टोपलीसकट पडलीस, त्यानंतरचं वर्ष. तू पंधरा-वीस जोड्या टांगायचीस आणि वाळूत बसायचीस. मी विचारायचे, "दुखतंय का?" तू म्हणायचीस, "अजून नाय. आता दुखेल." मी बायकांसमोर ओरडायचे, "दुखायच्या आधी बसते तिला आळशी म्हणतात!" बायका हसायच्या. तू उठायचीस आणि टांगायचीस. मॅडम जे शिकून आली ते तुला कुणी न शिकवता कळलं होतं, आणि मी तुला त्यातून उठवलं.

आज मी वीसवर थांबले नाही. साठ टांगल्या, वरच्या दोरीसकट. बघूच म्हटलं. म्हणून आठ.

केतन सांगतो तू कंपनीत पॅकिंगला आठ तास उभी असतेस. कशी राहतेस गं? एका पायावर भार देतेस की दोन्ही? सकाळी उठताना कुशीवर होतेस का आधी? उन्हाळ्यात बरं असतं की थंडीत? मी हे तुला कधी विचारलं नाही. मला वाटायचं विचारलं तर तुझं दुखणं वाढेल, लाड होतील. आता विचारते तर मलाच हवंय म्हणून विचारते. खोटं कशाला बोलू?

१२ नोव्हेंबर, बुधवार. किती: सात. कशाने: माहीत नाही. काही केलं नव्हतं.

तुमच्या मंडळाचा कागद केतनने आणून ठेवलाय. टाईप केलेला. "मी समक्ष पाहिले की सुका याने माझी मुलगी जागृती हिच्या कमरेवर तापलेल्या सळईने तीन डाग दिले." खाली माझं नाव आणि रेघ. दोनदा वाचला. टेबलावर, औषधाच्या खोक्याखाली आहे.

केतन विचारतो, "आये, सही केलीस?"

मी म्हटलं, "खांदा दुखतोय."

"सहीला खांदा लागतो?"

"तुला काय माहीत काय काय लागतं!"

वीस तारखेला अजून आठ दिवस आहेत. घाई कशाला.

मी घाई कशाला म्हणाले, बघितलंस? केतनसुद्धा माझ्याकडे बघत राहिला.

कमळीकाकी केस विंचरायला आली तेव्हा कागद तिनेही पाहिला. तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवला. ती फणी ओढत म्हणाली, "कर सही पुष्पे. पोर घरी येतंय. तो म्हातारा आज ना उद्या मरायचाच."

"तुझं काय जातं बोलायला."

"माझं बी जातं. मी पाय धरलेले."

तिने वेणी इतकी घट्ट घातली की डोकंही दुखायला लागलं. ते मॅडमच्या आकड्यात धरायचं की नाही, विचारायला हवं.

तुला ते दिवस आठवत असतील, पण माझ्या बाजूने कधी सांगितले नाहीत. ओहोटीला बोट बाहेर थांबली होती, आपण टोपल्या डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून येत होतो. शेवाळाच्या दगडावर तुझा पाय गेला आणि तू भरल्या टोपलीसकट पाठीवर पडलीस. मी आधी मासळी गोळा केली. लाट नेत होती. मासळी गोळा केली आणि मग तुला उठवलं. तू चालत घरी आलीस, म्हणून मला वाटलं काही नाही.

वर्ष गेलं, तुझी कंबर सुधारेना. त्यात सातपाटीचे पाहुणे यायचं ठरलं. रविवारी. मुलगा चांगला, स्वतःची बोट. पण त्यांना टोपली उचलणारी सून हवी होती. मी घरोघर सांगून ठेवलं होतं की पोरगी धडधाकट आहे. आणि शुक्रवारी तू अंथरुणातून उठू शकली नाहीस.

सुका त्याच आठवड्यात खाली आला होता. सुक्या मासळीच्या दिवसांत यायचाच तो मनोरच्या डोंगराकडून, मुळ्या आणि मध घेऊन, बदल्यात बोंबील न्यायचा. त्याचा डाग सगळ्या किनाऱ्याला माहीत. माझ्या पोटावर चार आहेत, मी तीन महिन्यांची असताना त्याच्या बापाने दिलेले. मेले का मी? मी त्याला बोलावलं. तो आत आला, तू पालथी होतीस, त्याने पाठीवर बोटं फिरवली.

पुढचं तुला माहीत आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. किती: नऊ. कशाने: रस्ता.

आज सुकाच्या पाड्यावर जाऊन आले. केतनला टेम्पो काढायला लावला. मनोरच्या पुढे डांबर संपतं, मग नुसते दगड. प्रत्येक खड्ड्याला खांद्यात सुई.

तुला खरं सांगू, मी कशाला गेले? तो मेला असेल म्हणून गेले. मेला असता तर नाव घालायला कुणाची हरकत! मेलेल्या माणसाला पोलीस काय करणार? वाटभर मी देवाला हेच सांगत होते.

जिवंत आहे. अंगणात खाटेवर बसला होता, डोळ्यांत पांढरं पडलंय, दिसत नाही फारसं. त्याची सून नवसी नाचणी पाखडत होती. मी म्हटलं, "सुका, ओळखलंस का?"

मान तिरकी करून ऐकलं. "एडवणची बोंबीलवाली."

"हो."

"पोरीची कंबर कशी हाय?"

त्याने हे विचारलं, जागृती. पाणी विचारायच्या आधी. चौदा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मी कुणाला विचारू दिलं नव्हतं. मी म्हटलं, बरी आहे, बोईसरला कंपनीत आहे, मुलगी आहे तिला. तो म्हणाला, "मुलगी झाली? मंग हाड बसलं असंल कसंतरी."

नवसी म्हणाली, सालवडच्या बाया येऊन गेल्या, मोबाईलमध्ये बोलणं भरून घेतलं. म्हाताऱ्याने सगळं सांगितलं. लय डाग दिलेत म्हणाला, बापाने शिकवलेले, पोरांना दिले, मोठ्यांना दिले, एक पोर दगावलं त्यानंतर हात नाही लावला.

मी विचारलं, "माझ्या पोरीचं काय सांगितलंस?"

"तिला नाय दिला, बोललो."

"मग?"

"हसल्या. भगत बोलतो ते खोटं, आय बोलते ते खरं. तू तर वाडीभर सांगितलेलं ना, सुकानं दिला. मंग तुमच्याकडच्या पोरांनी माझी झोळी समुद्रात टाकली, मी परत आलो नाय खाली."

"माझं नाव सांगायचंस मग."

"कोण ऐकतं, बाय?"

रागाने बोलला नाही. गुडघे चोळत होता. खाटेखाली प्लास्टिकच्या पिशवीत गोळ्या होत्या, पिवळ्या आणि पांढऱ्या, माझ्याच. मी म्हटलं, "मुळ्यावाला तू, आणि हे काय?" तर म्हणाला, "मुळ्या दुसऱ्याला. मला गोळीच लागते." नवसी हसली, मीही हसले. मग मी त्याला दम दिला, सुका, ह्या खाऊ नकोस, पोटात फोड होतात, काळं झालं की गेलास. मॅडमचं नाव एका कागदावर लिहून नवसीला दिलं, कोणत्या वारी बसते ते पण. बोंबलांचं बांधून नेलेलं गाठोडं ठेवलं. त्याने हुंगलं आणि म्हणाला, "यंदा चांगले सुकलेत."

येताना मनोरला चहा घेताना केतनने विचारलं, "आये, मग डाग कुणी दिला?"

मी म्हटलं, "चहा पी."

१९ नोव्हेंबर, बुधवार. किती: . कशाने:

किती ते आज टाकलेलं नाही. आज माझ्या खांद्याचं लिहायचं नाही.

शुक्रवारी सुकाने तुझ्या पाठीवर बोटं फिरवली ती एका जागी थांबली. तू ओरडलीस. तो मला हाताला धरून मागच्या पडवीत घेऊन गेला. म्हणाला, "हे डागाचं नाय. आत हाड हललंय. मुंबईला ने. उताणी निजव. तीन-चार महिने टोपली देऊ नको."

मी म्हटलं, "रविवारी पाहुणे हायत."

"मंग पाहुण्यांना सांग."

"डाग दे. माझ्या आईने मला तुझ्या बापाकडून देववलेला, माझं पोट दुखायचं थांबलं."

"पोट येगळं. ही पोरगी आयुष्यभर दुखंल असा डाग मी नाय देणार."

"मग तू भगत कशाला झालास?"

तो निघून गेला. मागच्या दाराने, झोळी घेऊन. तू पुढच्या खोलीत होतीस, त्याचा आवाज तुला येत होता, शब्द नाही, आणि गेलेला दिसला नाही. तुझ्या बापसाने तुझे खांदे धरले होते, कमळीकाकीने पाय. दोघांना वाटलं सुका सळई तापवतोय. मी आत गेले तेव्हा चुलीत तापवलेली सळई माझ्या हातात होती. तुझ्या बापसाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या कानात म्हटलं, सुकाने सांगितलंय, मीच द्यायचा. त्याने मान खाली घातली. कमळीकाकीने तुझे पाय सोडले नाहीत. तुझं तोंड गोधडीत होतं.

तीन डाग आहेत तुझ्या कमरेवर. दोन शेजारी, गोल. तिसरा खाली, लांबट, माशाच्या शेपटासारखा. तू मोबाईलमध्ये फोटो काढून कधी पाहिला असशील. सुका चाळीस वर्षं डाग देत होता, त्याचा हात हलला नसता. तो माझा हात आहे. दोन झाल्यावर तू "आये, पुरे" म्हणालीस. मला म्हणालीस, त्याला नाही. मला वाटलं ओळखलं हिने. पण तू नुसती हाक मारत होतीस. तिथे थांबता आलं असतं. तिसरा मी त्यानंतर दिला, कारण दोन डाग पुरत नाहीत असं माझी आई म्हणायची, आणि रविवार जवळ आला होता.

रविवारी पाहुणे आले, तुला ताप होता. ते चहा पिऊन गेले. जखमा पिकल्या. तुला तीन महिने पालथं झोपावं लागलं, आणि सुकाने उताणी निजवायला सांगितलं होतं. हाड वाकडं बसलं ते त्यातच. नंतर बोईसरच्या डॉक्टरने तुला सांगितलं ना, वेळेवर आणलं असतं तर? त्या वेळी कुठे होतो आपण ते मला दिवसानिशी ठाऊक आहे.

वाडीत लोक विचारायला लागले. मी सुकाचं नाव सांगितलं. एकदा सांगितलं की मग तेच चालू राहिलं. तू मला सोडून गेलीस ती मी भगताला बोलावलं म्हणून. मला वाटलं, तेवढ्यावर गेली तर कधीतरी येईल परत. हे कळलं तर येणार नाही. म्हणून गप्प.

कमळीकाकी म्हणते, खांद्याचं दुखणं ही त्या हाताची शिक्षा. मला ते पटत नाही. तीस वर्षं वरच्या दोरीला हात नेला, खांदा गेला. कमळीचे गुडघे गेलेत, तिने तर नुसते पाय धरले होते. शिक्षा असती तर एवढी सोपी नसती. मला मॅडम आहे, वही आहे, केतन आहे, मी वीस जोड्यांवर थांबले तर मला कुणी आळशी म्हणत नाही. तुला सतराव्या वर्षी यातलं काही नव्हतं. तुझ्याकडे मी होते.

काल सुकाच्या अंगणात कागद माझ्या पिशवीत होता. सही करून पाठवला असता तर उद्या तू दीपिकाला घेऊन उंबऱ्यात असतीस. मी आज सकाळी पेन हातात घेतलं होतं, हेही सांगते.

कागद फाडला. अर्जात नाव घालायचं असेल तर माझं घाल. पुष्पलता कमलाकांत तांडेल, राहणार एडवण. तुझ्या बापसाचं नाव मी पहिल्यांदाच लिहितेय, त्याला खाली ओढू नकोस, त्याने माझ्यावर विश्वास ठेवला, बस. सुकाने बाकीच्यांना दिले ते त्याचं तो बघेल. तुझे तीन त्याचे नाहीत.

पोलीस येतील तर येऊ देत. दुपारी यायला सांग, सकाळी मासळी असते.

वही केतनकडे देते. मॅडम ओरडेल.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. किती: सहा. कशाने: पीठ उचललं.

वही आज परत आली.

मधले दिवस सांगते. वीस तारखेला केतन परत आला तेव्हा मी दारातच होते. म्हणाला, "आये, काय लिवलंस त्यात? ती जिन्याच्या पायरीवर बसूनच वाचत राहिली. दीपिका ओढत होती, तिच्याकडे बघितलं नाय. मग मला बोलली, तू जा."

"आणखी?"

"आणखी काय नाय."

रविवारी मी घर सारवून घेतलं. कमळीकाकी म्हणाली, कोण येतंय? मी म्हटलं, कुणी नाही. दुपारी बोंबील टांगले. वीस, मग थांबले. वीस, मग थांबले. वाळूत बसले की रस्ता दिसतो. कोणी आलं नाही. पोलीसही नाही.

सोमवारी मॅडमने विचारलं, वही कुठाय? मी म्हटलं, मुलीकडे. तिने पुढे विचारलं नाही, खांदा फिरवायला लावला. कानाच्या वर बोटभर जास्त गेला म्हणाली. मला तर तेवढाच वाटला.

केतनला जावई रूपेश भेटला होता बाजारात. तो सांगत होता की तू मंडळाला सुकाच्या नावापुढची तुझी तक्रार काढायला लावलीस. बायका चिडल्या, कारण विचारलं, तू सांगितलं नाहीस. माझं नावही घातलं नाहीस. रूपेशला काही माहीत नाही. तू घरी कुणाला काहीच सांगितलेलं नाहीस म्हणजे. एकटीच बसलीस ते घेऊन.

आज केतनने वही पुढ्यात टाकली. मी हात धुतले, पुसले, उघडली. मागची पानं आधी पाहिली. मला वाटलं शिव्या असतील. शिव्या दे, असं मनात म्हणत होते.

पत्र नाही. माझ्या लिहिण्यावर एक शब्द नाही. एकोणीस तारखेला मी कोरी जागा सोडली होती, ती तशीच. त्याखाली तुझं अक्षर, शाळेतलंच, पुढे झुकलेलं:

२० नोव्हेंबर. किती: नऊ. कशाने: वाचून.
२१ नोव्हेंबर. किती: नऊ. कशाने: झोपले नाही.
२२ नोव्हेंबर. किती: आठ. कशाने: कंपनीत उभी राहून.
२३ नोव्हेंबर. किती: आठ. कशाने:
२४ नोव्हेंबर. किती: सात. कशाने: दीपिकाला उचललं.
२५ नोव्हेंबर. किती: सहा. कुशीवर होऊन उठले. आधी डावा हात टेकायचा, मग पाय खाली सोडायचे.
२६ नोव्हेंबर. किती: सात. कशाने: थंडी.

तेवीसला रविवार होता. तिथे 'कशाने'च्या पुढे काही नाही.

पंचवीसची ओळ मी किती वेळा वाचली ते मोजलं नाही. आत्ता खाटेवर पडून तसं करून पाहिलं. डावा हात, मग पाय. खांद्याला लागलं नाही.

तू येणार नाहीस हे मला कळलं. मी विचारतही नाही.

पट्टी घरात नाही, म्हणून औषधाच्या खोक्याची कड धरून पुढच्या कोऱ्या पानांवर मधोमध रेघ ओढली. वाकडी आलीय. डावीकडे माझं, उजवीकडे तुझं. आजचं डावीकडचं मी भरलंय, वर आहे ते. केतन उद्या सकाळी बोईसरला जातोय, सुकटीच्या टोपल्यांवर वही ठेवेल. ओली होऊ नये म्हणून पिशवीत घातलीय.

उजवीकडचं कोरं आहे.